ओळीवरून टेलर स्विफ्टचं गाणं ओळखा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या दिवसांत बेळगावातल्या आमच्या गल्लीचं मंडळ प्रश्नमंजूषा घेतं. भजन, रांगोळी, पाककृती यांच्या जोडीला तीही आता रुळली आहे. तिच्यात 'ओळीवरून गाणं' नावाची एक फेरी असते आणि ती सगळी टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या गाण्यांवर असते. प्रश्न मी काढते, म्हणून मांडवात, खडेबाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक मलाच धरतात. "अक्का, एक विचारू?" म्हणून सुरू झालेलं बोलणं एकावर कधी थांबत नाही. तेव्हा एकदाच लिहून ठेवते.

फेरी नेमकी कशी असते?

गाणं वाजवत नाही, चालही गुणगुणत नाही. मी गाण्यातल्या दोन-तीन ओळींत काय घडतंय ते मराठीत सांगते, तुम्ही गाण्याचं नाव सांगायचं. नमुना म्हणून हे घ्या: "थंडी पडू लागलीय. पोरगी पाच वर्षांची, अंगात मोठा कोट. भोपळ्यांच्या मळ्याशेजारून पळत सुटलीय, बाजूला ट्रॅक्टरमधून फिरवून आणतायत." उत्तर 'द बेस्ट डे'. २००८ च्या 'फिअरलेस' या अल्बममधलं, आईवर लिहिलेलं गाणं.

मराठीतच का, असं कॅम्पातली पोरं विचारतात. कारण इंग्रजी ओळ जशीच्या तशी म्हटली की डोकं अर्थाकडं जातच नाही. शब्दांच्या ठेक्यावरून चाल आठवते आणि चालीवरून नाव. ती ओळख गाण्याची झाली, ओळीची नव्हे. शिवाय मांडवात पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या आज्यांनाही कळायला हवं की ही पोरगी नेमकी कशापायी एवढी रडतेय.

पण टेलर स्विफ्टच का? आपल्याकडं गाणारे कमी आहेत का?

कमी नाहीत. मराठी भावगीतांची फेरी वेगळी आहे, ती दुसऱ्या दिवशी असते आणि तिथं वडीलमंडळी पोरांना उभं राहू देत नाहीत.

टेलर निवडण्याचं कारण सोपं आहे. तिच्या गाण्यात माणसं असतात, घर असतं, घड्याळात किती वाजले ते असतं. पहिला अल्बम २००६ साली आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. २०२५ च्या ऑक्टोबरात 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' आला तो बारावा. गाणी ती स्वतः लिहिते, कधी कुणाला सोबत घेऊन, कधी एकटी. २०१० चा 'स्पीक नाऊ' तर तिनं एकटीनं लिहिला. एवढी वर्षं एकच माणूस लिहीत आलं की त्याच्या सवयी दिसायला लागतात, आणि सवयी दिसल्या की ओळखायला मजा येते.

आणखी एक फायदा आहे, तोही सांगून टाकते. टेलर ना मराठी, ना कन्नड. तिच्या नावावर आमच्याकडं सगळे एकाच बाकावर बसतात आणि तितक्याच हक्कानं भांडतात.

मुखडे पाठ केले की झालं ना?

नाही झालं. मुखडा आम्ही सहसा विचारत नाही.

पॉप गाण्यात नाव बहुतेक वेळा मुखड्यातच असतं आणि तो गाण्यात तीन-चारदा येतो. रिक्षातून गोवावेसपर्यंत जाताना ऐकलेला मुखडासुद्धा डोक्यात बसतो. 'शेक इट ऑफ'चा मुखडा विचारणं म्हणजे प्रश्नातच उत्तर देणं. तो सोडला तर उरतात कडवी, आणि शेवटाकडं येणारा, चाल बदलणारा भाग, ज्याला ब्रिज म्हणतात. आमचे बहुतेक प्रश्न तिथून येतात.

मुखड्यावर विसंबणारा कसा फसतो ते 'विलो'वर दिसतं. २०२० च्या डिसेंबरातल्या 'एव्हरमोअर' या अल्बमचं हे पहिलं गाणं. विलो म्हणजे पाण्याकाठी फांद्या खाली सोडून उभं असतं ते झाड. मुखड्यात हे झाड कुठंच नाही. ते येतं दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी: आयुष्य त्या झाडासारखं होतं, तुझ्या वाऱ्यापुढं वाकलं. मी "झाड" म्हटलं की मुखडा घोकून आलेली टीम एकमेकांकडं बघत बसते.

मग लक्षात ठेवायचं तरी काय?

वस्तू. भावना लक्षात ठेवून काही उपयोग नाही. "प्रेमभंग झाला, ती रडली" एवढ्यावरून टेलरची निम्मी गाणी समोर उभी राहतील. पण "फ्रिजचं दार उघडं, मध्यरात्र, त्या उजेडात स्वयंपाकघरात दोघं नाचतायत" म्हटलं की गाणं एकच, 'ऑल टू वेल'. त्याच गाण्यात ती आपला स्कार्फ त्याच्या बहिणीच्या घरी विसरते आणि तो अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. हाच स्कार्फ शेवटाकडं परत येतो. नातं तुटल्यावर तिच्या बाकीच्या वस्तू तो टपालानं परत पाठवतो, पण स्कार्फ ठेवून घेतो. एका स्कार्फावर अख्ख्या नात्याचा हिशेब मांडणारं असं लिहिणं मला तरी फार कमी ठिकाणी सापडलं. लिझ रोझ या गीतलेखिकेबरोबर लिहिलेलं हे गाणं २०१२ च्या 'रेड'मध्ये साडेपाच मिनिटांच्या आसपास होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याचं १० मिनिटं १३ सेकंदांचं रूप आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. त्या यादीत पहिल्या जागी पोचलेलं इतकं लांब गाणं त्याआधी नव्हतं.

दुसरी वस्तू, किराणा दुकानाच्या पावत्या. "तुझ्या हातची एकेक पावती जपून ठेवायला हवी होती" असं कोण कुणाला म्हणतं? 'मार्जरी' गाण्यात नात आजीला. टेलरची आजी मार्जरी फिन्ली ऑपेरा गायच्या, आणि त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज या गाण्यात मागं ऐकू येतो. पावती विचारली तेव्हा मांडवातल्या एक मामी उठून म्हणाल्या, "हे मला ठाऊक नाही, पण बाई खरं बोलली." नियमात बसत नव्हतं, तरी त्यांना कुंद्याची वडी दिली.

वस्तूंनंतर माणसं आणि जागा. 'द लास्ट ग्रेट अमेरिकन डायनॅस्टी' हे 'फोकलोर' या अल्बममधलं गाणं घ्या. रिबेका नावाची बाई दुपारच्या गाडीनं येते, श्रीमंताशी लग्न करते, समुद्रकाठच्या मोठ्या घरात राहते. पोहण्याचा तलाव शॅम्पेननं भरते, शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून त्याचा कुत्रा हिरवा रंगवते. ही रिबेका हार्कनेस खरीच होऊन गेली आणि ऱ्होड आयलंडमधलं ते घर टेलरनं २०१३ साली विकत घेतलं. गाण्यातही शेवटी तेच येतं: मग ते घर मी घेतलं. इतका वेळ "ती, ती" चाललेली गोष्ट एका ओळीत "मी"वर येते. "हिरवा कुत्रा" एवढे दोनच शब्द मी विचारले तरी पुरेत.

एकच खूण दोन गाण्यांत असली तर?

तिथंच तर फेरीचा जीव आहे. तीन ठिकाणी हमखास घसरतात.

लाल ओठ. ऐकल्या ऐकल्या निम्म्या टीम 'स्टाइल' म्हणतात. पण 'वाइल्डेस्ट ड्रीम्स'मध्येही लाल ओठ आहेत, आणि दोन्ही गाणी २०१४ च्या '१९८९' या एकाच अल्बममधली. म्हणून पुढचं ऐका. पांढरा टी-शर्ट, मागं वळवलेले केस आणि जेम्स डीन या जुन्या नटाचं नाव आलं तर 'स्टाइल'. छानसा पोशाख आणि मावळत्या सूर्याकडं बघणं आलं तर 'वाइल्डेस्ट ड्रीम्स'.

कार्डिगन, म्हणजे बटणांचा स्वेटर. 'कार्डिगन' नावाचं गाणंच आहे, तेव्हा हात लगेच वर जातो. थांबा की जरा. 'फोकलोर'मधली 'कार्डिगन', 'ऑगस्ट' आणि 'बेटी' ही तीन गाणी एकाच शाळकरी प्रेमत्रिकोणाच्या तीन बाजू आहेत, असं टेलरनंच सांगितलंय. 'कार्डिगन' बेटीच्या बाजूनं, 'ऑगस्ट' त्या दुसऱ्या मुलीच्या बाजूनं आणि 'बेटी' मुलाच्या बाजूनं. त्यामुळं तो स्वेटर 'बेटी'तही आहे. फरक कुठं पडतो बघा. 'कार्डिगन'मध्ये मुलगी म्हणते, वय लहान असलं की लोकांना वाटतं यांना काही कळत नाही. 'बेटी'त मुलगा म्हणतो, मी सतरा वर्षांचा आहे, मला काही कळत नाही. तिला सगळं कळत होतं, यानं वयाची ढाल पुढं केली. ओळी जवळजवळ सारख्या, पण बोलणारं माणूस बदललं की गाणं बदललं. स्केटबोर्ड आला तर 'बेटी', मॉलच्या मागं भेटायचं ठरलं तर 'ऑगस्ट'.

तिसरी खूण रात्रीचे दोन. तिच्या गाण्यांत रात्री दोनला इतकी माणसं जागी असतात की विचारू नका. 'ब्रीद'मध्ये मैत्रीण गमावल्यासारखं वाटतं तेव्हा दोन वाजलेत. 'एन्चान्टेड'मध्ये तुझं कुणावर प्रेम असेल या विचारानं झोप उडते तेव्हाही दोन. 'आय विश यू वुड'मध्ये तो दोन वाजता गाडीत आहे. 'द वे आय लव्ह्ड यू'मध्ये पावसात भांडण आहे आणि वेळ तीच. म्हणून नुसते "दोन वाजले" मी कधी विचारत नाही. हां, दोनला दोन मिनिटं कमी असतील तर ते 'लास्ट किस', आणि अडीचला भांडण होऊन ती रस्त्यावर पळत सुटली असेल तर 'माईन'. घड्याळ नीट ऐका.

फक्त हिट गाणीच विचारता का?

हिट कशाला म्हणायचं हाच मोठा घोळ आहे. 'क्रूअल समर' २०१९ च्या 'लव्हर' या अल्बममध्ये आलं आणि हॉट १०० मध्ये पहिलं आलं २०२३ च्या ऑक्टोबरात, मधे चार वर्षं गेली. 'ऑल टू वेल' २०१२ साली सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमातून वेगळं सुटं, काढलंसुद्धा नव्हतं, चाहत्यांनी ते डोक्यावर घेतलं. आणि २०२२ ला 'मिडनाइट्स' आला तेव्हा त्या यादीतल्या पहिल्या दहाच्या दहा जागा त्याच अल्बमनं घेतल्या. मग त्या दहातलं कुठलं हिट नव्हे म्हणायचं?

पहिल्या दोन गटांत सर्वांना माहीत असलेली गाणी असतात: 'लव्ह स्टोरी', 'यू बिलाँग विथ मी', 'ब्लँक स्पेस', 'अँटी-हिरो' वगैरे. अंतिम गटात मात्र काहीही येऊ शकतं.

'टेलर्स व्हर्जन' लिहिलेली गाणी वेगळी धरायची का?

नाव एकच धरतो. "टेलर्स व्हर्जन" म्हटलं नाही म्हणून गुण कापत नाही.

भानगड काय आहे ती थोडक्यात: पहिल्या सहा अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क तिच्या जुन्या कंपनीकडं होते. २०१९ साली ती कंपनी विकली गेली आणि हक्कही गेले. मग तिनं जुने अल्बम पुन्हा गाऊन 'टेलर्स व्हर्जन' म्हणून काढायला घेतले. २०२१ ला 'फिअरलेस' आणि 'रेड', २०२३ ला 'स्पीक नाऊ' आणि '१९८९'. २०२५ च्या मे महिन्यात तिनं मूळ हक्कच विकत घेतल्याचं जाहीर केलं. गीतांचे हक्क तिच्याकडं होतेच, म्हणून तर तीच गाणी पुन्हा गाता आली.

आपल्या कामाचं एवढंच की शब्द जवळपास सगळीकडं तेच आहेत. ठळक अपवाद 'बेटर दॅन रिव्हेंज'. २०१० च्या मूळ गाण्यात दुसऱ्या मुलीच्या चारित्र्यावर टोमणा मारणारी ओळ होती, २०२३ ला ती काढून तिथं पतंग आणि ज्योतीची ओळ घातली. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं तिशी उलटल्यावर गायची वेळ आली तर कुणीही असंच करेल. ओळ बदलल्यावर चिडलेले चाहते आमच्या टिळकवाडीतही आहेत. मला नवी ओळ जास्त आवडते.

ती तीन पेनांची काय गोष्ट आहे?

ही फेरीच्या फार उपयोगाची आहे. २०२२ च्या सप्टेंबरात नॅशव्हिलच्या गीतकार संघटनेनं तिला दशकातली गीतकार-गायिका म्हणून गौरवलं. त्या भाषणात तिनं सांगितलं की मनातल्या मनात ती आपल्या गीतांचे तीन प्रकार करते: पिसाच्या लेखणीनं लिहिल्यासारखी, शाईच्या पेनानं लिहिल्यासारखी आणि चमचमत्या जेल पेननं लिहिल्यासारखी. पहिल्यात जुन्या वळणाची भाषा, जणू मेणबत्तीच्या उजेडात बसून लिहिलंय. दुसऱ्यात आजची, खरीखुरी, बारीक तपशिलांची गोष्ट. तिसऱ्यात नुसती मजा.

प्रश्न ऐकताना आधी पेन ठरवा. लेखणी वाटली तर 'फोकलोर' आणि 'एव्हरमोअर'कडं वळा. शाईचं पेन वाटलं तर वस्तू मोजायला लागा. जेल पेनची गाणी आम्ही क्वचित विचारतो, कारण त्यांत नाचण्यासारखं खूप असतं आणि ओळखण्यासारखं थोडं.

ऐकू एक येतं, शब्द दुसरेच असतात. काय करावं?

तुम्ही एकटे नाही. 'ब्लँक स्पेस'मध्ये जुन्या प्रियकरांच्या लांबलचक यादीचा उल्लेख आहे. ती ओळ जगभर "स्टारबक्सचे प्रेमिक" अशी ऐकली गेली, इतकी की त्या कॉफीवाल्यांनाही त्यावर गंमत करायचा मोह आवरला नाही. "लिस्ट ऑफ एक्स" हे शब्द ती एकमेकांना चिकटवून म्हणते आणि जोर भलत्या ठिकाणी पडतो, म्हणून असं होतं.

उपाय एकच, ऐकताना शब्द समोर ठेवा. जुन्या सीड्यांच्या पुस्तिकांत तर आणखी एक खेळ असायचा. पहिल्या अल्बमपासून '१९८९'पर्यंत छापलेल्या गीतांत मधलीच काही अक्षरं वेगळी उठून दिसायची, ती जोडली की त्या गाण्याबद्दलचा गुप्त निरोप निघायचा.

साधी, रोजची वाक्यं असली तर कसं ओळखायचं?

आम्ही विचारत नाही. 'शेक इट ऑफ'मध्ये खेळणारे खेळणार आणि जळणारे जळणार अशा अर्थाचे शब्द आहेत. २००० च्या सुमाराच्या एका गाण्याच्या दोन गीतकारांनी ते आपले असल्याचा दावा २०१७ साली केला. खालच्या कोर्टानं आधी म्हटलं, हे शब्द इतके सर्वसाधारण आहेत की त्यांवर कुणाची मालकी नाही. पुढं अपिलात खटला पुन्हा उभा राहिला आणि २०२२ च्या डिसेंबरात तो आपसात मिटला. कोर्टाला जे ठरवता आलं नाही ते आमच्या मांडवात पंधरा सेकंदांत कसं ठरणार?

अभंगात शेवटी "तुका म्हणे" येतं, लगेच कळतं कुणाचं. तसं इथं काही आहे का?

हा प्रश्न भजनी मंडळातल्या एका काकांचा. नाममुद्रा अशी नाही. पण काकांना मी सांगितलं तेच इथं लिहिते: मुद्रा झाकून जरी अभंग म्हटला तरी तुम्ही तुकोबा आणि एकनाथ वेगळे काढता की नाही? बोलण्याच्या ढबीवरून काढता. इथंही तेच करायचंय. काका आता प्रेक्षकांतून बोटं मोडत उत्तरं पुटपुटतात, त्यांच्या शेजारी बसू नये, मोठ्यानं ऐकू येतं.

इंग्रजी माध्यमाची पोरं जिंकणारच ना?

असं काही नाही. त्यांना उच्चार येतात, पण ती गाणं पार्श्वभूमीला लावून अभ्यास करतात. मराठी माध्यमाची पोरगी शब्द अडला म्हणून तो शोधते, अर्थ लावते, आणि मग तिला तो स्कार्फ, तो ड्रॉवर जन्मभर आठवतो. खानापूर तालुक्यातून येणारी एक टीम आहे, पावसामुळं निम्मे दिवस घरात कोंडलेली. त्या पोरींनी 'एव्हरमोअर' असा पचवलाय की त्यांच्यापुढं मला प्रश्न काढायला कष्ट पडतात. निपाणी आणि येळ्ळूरकडच्याही टीम तयारीच्या असतात.

मोबाईल चालेल?

नाही. बाकावर पालथा ठेवायचा. आणि गाणं ओळखणाऱ्या शझॅम ॲपचा इथं उपयोगही नाही, ते वाजणाऱ्या आवाजाचा ठसा जुळवतं. मी मराठीत बोललेलं ऐकून ते काय ओळखणार?

गाण्यांत शिव्या असतात, मग मांडवात कसं चालतं?

२०२४ च्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'मध्ये बऱ्याच आहेत. ती कडवी आम्ही घेत नाही. गणपती समोर बसलेला असतो आणि त्याच्या शेजारी अध्यक्षांच्या सासूबाई.

तयारी कुठून सुरू करू?

अल्बमच्या क्रमानं जाऊ नका, कंटाळा येईल. 'ऑल टू वेल'चं दहा मिनिटांचं रूप, 'बेटी' आणि 'मार्जरी' यांपासून सुरुवात करा. एकदा नुसतं ऐका, मग शब्द समोर ठेवून ऐका, मग चाल बंद करून शब्द कुणाला तरी मराठीत सांगा. तिसरी पायरी महत्त्वाची. सांगायला घेतलं की कळतं आपल्याला काय ठाऊक नाही. कॉलेजची बस हे त्याला चांगलं ठिकाण, शेजारी मैत्रीण असतेच. घरी आईला सांगितलं तर आणखी बरं, तिचे उलट प्रश्न माझ्यापेक्षा अवघड असतात: "तो स्वेटर शेवटी मिळाला का तिला परत?"

उत्तरावर वाद झाला तर?

होतोच. नाव ओळखू येण्याइतकं सांगितलं तर गुण मिळतो. '२२' या गाण्याला "बावीस" म्हटलं तरी चालतं. पण '१९८९' असं उत्तर दिलं तर नाही, ते अल्बमचं नाव, गाण्याचं नव्हे. माझ्या मराठी सांगण्यात दुसरं गाणं खरोखर बसत असेल आणि तुम्ही कडव्यानिशी ते पटवून दिलंत, तर दोघांनाही गुण. फक्त लवकर पटवा. दहाला स्पीकर बंद करावा लागतो.

सरावाला काही द्या की.

घ्या. उत्तरं खाली आहेत, आधी तळहातानं झाका.

पलंगाखाली पेटी आहे, तिच्यात त्यानं कधीच न वाचलेलं पत्र.

ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा जानेवारीपर्यंत काढायच्या नाहीत, घर आपलं आहे, नियमही आपलेच.

स्वप्नात सून पैशासाठी सासूला मारते, मग सगळे मृत्युपत्र वाचायला जमतात.

व्हेंडिंग मशीनच्या उजेडात मान खाली घातलेला मुलगा.

जाळीचं दार आपटतं, तो रात्री गुपचूप येऊन खिडकीवर टकटक करतो.

भांडण झालं की तो कुठंतरी दडून बसतो आणि आपल्या गाण्यांपेक्षा भारी समजली जाणारी कुणाची तरी रेकॉर्ड ऐकत मन शांत करतो.

इस्पितळात वीस टाके.

उत्तरं याच क्रमानं: 'टिम मॅग्रॉ', हे तिचं पहिलं सिंगल, २००६ चं. 'लव्हर'. 'अँटी-हिरो'. 'क्रूअल समर'. 'अवर साँग', शाळेतल्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं. 'वी आर नेव्हर एव्हर गेटिंग बॅक टुगेदर', हॉट १०० मध्ये पहिलं आलेलं तिचं पहिलं गाणं, २०१२. आणि 'आउट ऑफ द वुड्स'. शेवटचं ज्यांना आलं त्यांनी सरळ अंतिम गटाची तयारी करावी. नावनोंदणी मांडवातच, टीम तिघांची, त्यात एक जण तरी चाळिशीपुढचा हवा.